परांची उभी राहते कशाच्या जोरावर?

इमारतीच्या बाहेरच्या दुरुस्तीचं काम निघालं की पहिला आठवडा प्लास्टर, रंग, वॉटरप्रूफिंग यातलं काहीच होत नाही. ट्रकभर बांबू आवारात येऊन पडतात, सुंभाची भेंडोळी येतात आणि तीन-चार पोरं सकाळपासून भिंतीला धरून वर चढत परांची, म्हणजे कामगारांना उभं राहायचा तात्पुरता सांगाडा, बांधत असतात. कमिटीतल्या कुणाला तरी वाटतंच की कंत्राटदार वेळ काढतोय. कोटेशनमध्ये ‘परांची, चौरस फुटाला इतके’ अशी एक ओळ असते आणि दर पाडून मागायची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावर चालते. काम झाल्यावर जे दिसणारसुद्धा नाही त्याला पैसे कशाला, हा त्यामागचा हिशेब. दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे हा संवाद मी बऱ्याचदा ऐकतो. म्हणून परांची बांधतात कशी, ती पेलते कशी आणि पडते तेव्हा कशामुळे पडते, हे एकदा सविस्तर सांगावं म्हटलं.

आधी एक गल्लत दूर करू. स्लॅब ओतताना खालून जे पाईप आणि बल्ल्या लावतात ते सेंट्रिंग. त्याच्यावर ओल्या काँक्रीटचा भार येतो. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर धरला तरी तीनशे किलोंच्या वर जातो, आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत तो सगळा भार त्या टेकूंनीच सोसायचा असतो. परांचीचं काम वेगळं. तिने माणूस, त्याची हत्यारं आणि थोडासा माल कामाच्या जागेपर्यंत न्यायचा आणि तिथे सुखरूप ठेवायचा. दोन्हीकडे पाईप तेच दिसतात, त्यामुळे अपघाताच्या बातम्यांत एकाच्या जागी दुसरं नाव पडतं. हा लेख परांचीपुरता.

तिचे भाग मोजकेच असतात. भिंतीला समांतर ठरावीक अंतरावर उभे खांब. त्यांना जोडणारे, भिंतीच्या लांबीने जाणारे आडवे. त्या आडव्यांवर, भिंतीकडे तोंड करून टाकलेले तोडे. तोड्यांवर फळ्या. शिवाय तिरके जाणारे बांबू, ज्यांना कामावर कैची म्हणतात. आणि अधूनमधून सगळा सांगाडा इमारतीला धरून ठेवणारी बांधणी. भार फळीवरून तोड्यावर, तोड्यावरून आडव्यावर, आडव्यावरून (बांबू असेल तर) गाठीतून किंवा (लोखंडी पाईप असेल तर) क्लॅम्पमधून उभ्यावर आणि उभ्यातून जमिनीत असा उतरतो. या वाटेत कुठेही ढिलाई आली की तिच्यावरचं सगळं बेभरवशाचं.

गवंडीकामाच्या परांचीत एक जुना भेद आहे. विटांच्या भिंतीला बाहेरून उभ्यांची एकच रांग लावतात आणि तोड्यांचं दुसरं टोक थेट भिंतीत ठेवलेल्या भोकात टेकवतात. ही एकेरी परांची. गावाकडे प्लास्टर न केलेल्या भिंतींवर एका रेषेत चौकोनी भोकं दिसतात ती याचीच, नंतर भरायची राहून गेलेली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मानक तपशिलांत याचे बारीक नियम आहेत: एका तोड्यासाठी एकच आडवी वीट वगळायची, एक मीटरहून कमी रुंदीच्या विटांच्या खांबात भोक ठेवायचं नाही, कमानीच्या बुंध्याजवळ तर नाहीच. दगडी कामात भिंतीला भोकं ठेवणं परवडत नाही, म्हणून तिथे उभ्यांच्या दोन रांगा लावतात. ही दुहेरी परांची आपल्या पायांवर उभी राहते. उभ्या असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीलाही दुहेरीच लागते, कारण तयार भिंतीत तोडे खुपसायला जागा नसते.

मुख्य गोष्ट आता येते. परांची पाहणारा प्रत्येक जण बांबू किती जाड आहे ते बघतो. ते बघावंच, पण उभ्या खांबाची ताकद नुसत्या जाडीवर ठरत नाही. खराट्याची एक काडी घ्या. दोन्ही टोकं धरून ओढा, सहजी तुटत नाही. तीच टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा, मधोमध वाकून लगेच बाजूला जाते. आता कुणाला तरी ती मधोमध दोन बोटांत हलकेच धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. बराच जास्त जोर लावावा लागतो. मधली बोटं भार घेत नाहीत, फक्त काडीला बाजूला जाऊ देत नाहीत.

लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली याचं गणित मांडलं. सडपातळ खांब किती भाराला वाकेल हे त्याच्या आधाराविना राहिलेल्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट झाली की ताकद निम्मी होत नाही, चौथाईवर येते. परांचीला जगभर जो पाईप वापरतात त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर. त्याची जाडी ३.२ मिलिमीटर धरून हिशेब केला तर दर २ मीटरवर आडव्याने धरलेला पाईप कागदावर साधारण ५.८ टनांपर्यंत वाकत नाही. आधार ४ मीटरवर गेला की तोच पाईप दीड टनाच्या आत वाकतो. पाईप तोच, लोखंड तेच, वजनही तेच. प्रत्यक्षात परवानगी असते ती या आकड्यांच्या खूप खालची, कारण कामावरचा पाईप थोडा वाकडा असतो आणि भारही नेमका मध्यातून उतरत नाही.

याचा सोसायटीशी संबंध सरळ आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी खिडकीचं झडप आडव्या बांबूला अडतं. तो पोराला शंभराची नोट देतो आणि तेवढा एक बांबू सोडवून घेतो. वर काम चालूच असतं. त्या दोन उभ्यांची आधाराविना लांबी त्या जागी दुप्पट झाली, म्हणजे त्यांची ताकद चौथाईच राहिली. खाली उभं राहून बघणाऱ्याला एक आडवा कमी आहे एवढंच दिसतं, तेही दिसलं तर. आडवा हलवायचाच असेल तर आधी शेजारी दुसरा बांधायचा, मग पहिला सोडायचा, आणि हे मुकादमाने करायचं.

खांबाइतकंच, खरं तर त्याहून जास्त, लक्ष जोडाकडे द्यायला हवं. वर हिशेब केलेला पाईप काही टन पेलतो. पण त्याच्यावर भार आणून सोडणारा काटकोनातला क्लॅम्प सुरक्षितपणे धरतो तो सहाशे किलोंच्या आसपास. त्यापुढे तो तुटतो असं नाही, पाईपवरून घसरतो. त्याची पकड नट आवळण्यावर आहे आणि नट आवळला आहे का हे जमिनीवरून दिसत नाही. गंजलेले आटे, तेल लागलेला पाईप, चावीऐवजी हातानेच फिरवून सोडलेला नट, असं काहीही पुरतं. फिरता क्लॅम्प वेगळा, तो कैचीला कुठल्याही कोनात बसतो. तोडे नुसते जागेवर धरून ठेवणारे हलके क्लॅम्पही मिळतात. त्यांची ताकद कितीतरी कमी असते आणि तेच भार घेणाऱ्या जागी लावलेले मी पाहिले आहेत, कारण त्या दिवशी गोणीत तेच शिल्लक होते.

ही भानगड टाळण्यासाठी कपलॉक नावाची पद्धत निघाली. तिच्या उभ्या पाईपवर दर अर्ध्या मीटरला खालची वाटी वेल्डिंग करून पक्की बसवलेली असते आणि वरची वाटी सरकती. आडव्याचं पातं खालच्या वाटीत ठेवायचं, वरची वाटी खाली आणून फिरवायची आणि हातोडीने ठोकायची. एका जोडात चार आडवे बसतात, नट-बोल्ट नाही. माणसाच्या हातावरची भिस्त कमी झाली हा तिचा मोठा फायदा. मात्र मापं ठरलेली असल्यामुळे सज्जे, बाल्कन्या, वळणं असलेल्या जुन्या इमारतीला ती नीट बसत नाही. मुंबई-ठाण्यात दुरुस्तीच्या कामाला बांबू टिकून आहे तो स्वस्त आहे एवढ्याचसाठी नव्हे. बांबू हवा तिथे कापता येतो, वाट्टेल त्या कोनात बांधता येतो आणि दोन इमारतींमधल्या हातभर गल्लीतही उभा करता येतो.

बांबूची बांधणी ही पूर्णपणे घर्षणावरची कला. सुंभाचे वेढे जितके कचकचून, तितकी पकड. जाणता कारागीर गाठ मारताना पेर बघतो. आडवा अशा जागी बांधतो की घसरायला लागलाच तर गाठ खालच्या पेराच्या फुगवट्यावर अडेल. ओला, नुकता तोडलेला बांबू आला असेल तर तो उन्हात सुकून आकसतो आणि आज घट्ट असलेली गाठ काही आठवड्यांनी सैल पडते. सुंभ स्वतःही ऊन-पावसात कुजतं. त्यामुळे बांधून झालेल्या बांबूच्या परांचीला मधूनमधून पुन्हा आवळावं लागतं. हे काम कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून सहसा कुणी करत नाही. कंत्राटात ते स्पष्ट लिहून घ्या. बांबूही हाताळून बघा. उभी चीर, किड्यांनी पाडलेली बारीक भोकं आणि खाली सांडणारा पिठासारखा भुसा, यातलं काही दिसलं तर तो बांबू बाजूला काढायचा. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले त्यांत परांचीला स्वतंत्र प्रकरण आहे. बांबू चांगल्या प्रतीचा असावा, त्याच्या गाठी बाहेर आलेल्या नसाव्यात आणि हाताळणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून तो सोलून साफ केलेला असावा, इतक्या बारकाईने ते लिहिलेलं आहे.

आता पायाकडे येऊ. एका उभ्या पाईपातून एक टन भार उतरतो असं समजा. पाईप नुसता मातीवर टेकवला तर जमिनीला लागते ती त्याची कड, साडेचार चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोनशे किलो. पाईप मातीत शिरणारच. खाली पंधरा सेंटिमीटर चौकोनी बेस प्लेट दिली की हाच दाब साडेचार किलोंच्या आत येतो. त्या प्लेटखाली पाऊण मीटर लांब, नऊ इंच रुंद जाड फळी सरकवली की अर्ध्या किलोच्या जरा वर. मऊ चिकणमाती साधारण अर्धा ते एक किलो सहन करते, म्हणजे फळी दिली तर जेमतेम निभावतं आणि दिली नाही तर पहिल्या पावसात एखादा उभा खचतो. एकच उभा खचला तरी त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो. शहरातल्या आवारात माती दिसत नाही, पेव्हर ब्लॉक दिसतात. त्यांच्याखाली गटाराचं चेंबर आहे की पाण्याच्या टाकीचा स्लॅब, हे परांची बांधणाऱ्या पोरांना ठाऊक नसतं. सोसायटीच्या जुन्या माणसाला ठाऊक असतं. त्याला पहिल्या दिवशी खाली उभं करा. आणखी एक वाईट सवय म्हणजे परांची जमिनीपासून न घेता पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावरून सुरू करणं, कारण खाली गाड्या उभ्या असतात. ज्या सज्ज्याच्या सळ्या गंजल्या म्हणून दुरुस्ती निघाली, त्याच सज्ज्यावर चार मजल्यांचा सांगाडा. गाड्या हलवा.

उभे आणि आडवे मिळून चौकटी होतात, आणि चौकट ही आळशी आकृती आहे. बाजूने रेटली की चारही कोपरे फिरतात आणि ती कलते. कर्ण टाकला की तिचे दोन त्रिकोण होतात, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाला कलता येत नाही. कैचीचं काम एवढंच, पण तिच्याविना सगळी परांची एका अंगाला लोळू शकते. माल आणि मजुरी वाचवायची झाली की पहिली गळते ती कैची, कारण तिच्यावर कुणी उभं राहत नाही आणि ती नसली तरी काम अडत नाही. समोरच्या फुटपाथवर जाऊन इमारतीकडे नजर टाका. तळापासून माथ्यापर्यंत तिरक्या रेषा सलग जाताना दिसल्या पाहिजेत. हे तपासायला इंजिनियर लागत नाही.

कैची परांचीला भिंतीच्या लांबीने लोळू देत नाही. भिंतीपासून सुटून बाहेर पडणं मात्र ती थांबवू शकत नाही. जेमतेम तीन-चार फूट रुंदीचा सांगाडा साठ-सत्तर फूट उंच गेला की तो स्वतःच्या पायावर उभा राहूच शकत नाही, त्याला इमारतीने धरावं लागतं. मोकळ्या मनोऱ्यासाठी उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असा ढोबळ ठोकताळा आहे. परांची त्याच्या किती पुढे जाते ते बघा. म्हणून साधारण दर चार मीटर उंचीला ती भिंतीला बांधायची. त्यासाठी भिंतीत भोक पाडून अँकर, म्हणजे लोखंडी खुंट्या, ठोकतात किंवा खिडकीच्या आत आडवा बांबू अडकवून त्याला बाहेरून बांधतात. खिडकीच्या ग्रिलला, एसीच्या फ्रेमला किंवा पाण्याच्या पाईपला बांधणं ही बांधणी नव्हे. त्या वस्तू स्वतःच चार स्क्रूंवर लटकत असतात.

आणि मग जाळी. खाली काही पडू नये, धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून हिरवी जाळी लावतात. ती लागली की परांचीचं गणितच बदलतं. ताशी ६० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सतरा किलोंच्या आसपास दाब देतो. दहा मीटर रुंद आणि वीस मीटर उंच बाजूवर अखंड ताडपत्री असेल तर तो भार साडेतीन टनांच्या जवळ जातो, आणि तोही आडवा. जाळीतून काही वारा आरपार जातो, म्हणून आकडा कमी होतो, पण विणीवर, धुळीवर आणि पावसाने ती किती भिजली आहे यावर बरंच अवलंबून राहतं. वळवाच्या वादळात परांच्या पडतात त्या पुष्कळदा याच जोरावर. बांधण्या उघड्या सांगाड्याच्या हिशेबाने घातलेल्या असतात आणि जाळी नंतर चढते. जाळी लावायची ठरली की बांधण्या वाढवायच्या आणि वादळाची सूचना आली की जाळी गुंडाळायची.

जाळीचा दुसरा धोका हाँगकाँगमध्ये दिसला. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या ताई पो भागातल्या वांग फुक कोर्ट या वसाहतीत, दुरुस्तीसाठी बांबूची परांची आणि जाळी लावलेल्या उंच इमारतींना आग लागली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. पहिल्या दिवशी सगळा दोष बांबूवर आला. पुढे तपासात बोट वळलं ते काही ठिकाणच्या अग्निरोधक नसलेल्या जाळीकडे आणि खिडक्यांवर लावलेल्या फोमच्या पत्र्यांकडे. बांबू जळतोच, त्याचा कैवार घेण्याचं कारण नाही. पण आपल्याकडे जाळी विकत घेताना ती पेट घेते का हा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. तिचा एक तुकडा कापून, मोकळ्या जागी, वाळूच्या बादलीवर धरून काडी लावून बघा. काडी बाजूला केल्यावरही तो जळत राहिला तर ती जाळी परत पाठवा.

वरच्या फळ्यांबद्दल थोडक्यात. फळी तोड्याच्या पुढे फार बाहेर आली की टोकावर पाय पडताच ती उलटते. बाहेर आलेला भाग फळीच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नको. बाहेरच्या बाजूला कमरेच्या वर कठडा आणि पायाशी सहा इंची उभी पट्टी हवी. ती पट्टी माणसासाठी नाही, हातोडी ढकलली जाऊन खालच्याच्या डोक्यात पडू नये यासाठी आहे. फळ्यांवर विटा रचून ठेवणं टाळावं. शंभर विटा म्हणजे तीनशे किलोंच्या पुढे. आणि चढायला शिडी हवी, चारास एक अशा उतारात टेकलेली आणि वर पोचायच्या जागेच्या मीटरभर वर गेलेली. बांबूंवरूनच वानरासारखं चढणं कारागिरांना आवडतं, पण हातात घमेलं असलेल्या बिगाऱ्याला ते करायला लावणं हा निव्वळ नाठाळपणा. सेफ्टी बेल्ट असतोच हल्ली, निदान फोटो काढताना तरी. त्याचा हुक ज्या परांचीवर माणूस उभा आहे तिलाच अडकवला असेल तर परांची कोसळताना माणूस तिच्याबरोबरच जातो. गच्चीवरच्या पक्क्या जागेवरून वेगळा दोर सोडून त्याला हुक लावायचा.

सगळ्यात धोक्याचे दिवस शेवटचे. काम संपलेलं असतं, कंत्राटदाराची माणसं पुढच्या साइटवर हवी असतात आणि उतरवणं हे सगळ्यांना बिनमहत्त्वाचं वाटतं. नियम असा की बांधली त्याच्या उलट क्रमाने, वरून एकेक टप्पा खाली येत सोडायची. भिंतीची बांधणी आपल्या टप्प्याची पाळी येईपर्यंत तशीच ठेवायची. घडतं ते वेगळं. रंगारी शेवटचा हात मारताना अँकरची जागा मोकळी हवी म्हणून बांधण्या आधीच कापून टाकतो, आणि वर चढलेल्या पोरांना ते माहीतच नसतं. बांबू वरून फेकणंही बंद करायला लावा. खाली आदळून तडकलेला बांबू दुसऱ्या इमारतीवर पुन्हा चढतो.

परांची उतरत असतानाच अँकरची भोकं बुजवून घ्यायची असतात, कारण नंतर तिथपर्यंत पोचायला काही उरत नाही. नुसती पुट्टी भरून वर रंग मारला की आतली पोकळी तशीच राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात नेमका तिथेच ओलाव्याचा डाग उमटतो. भोकातली धूळ काढून, न आकसणारा मसाला आतपर्यंत दाबून भरलेला हवा. किती अँकर ठोकले त्याची मजलावार नोंद सुरुवातीलाच करून ठेवा आणि उतरताना प्रत्येक भोकावर खूण करून घ्या. परांचीच्या बिलाचा शेवटचा हप्ता त्या यादीशी जोडलेला असेल तर हे काम होतं.